खोटी माणसं, खरी गोष्ट

मुलांनो, सिनेमा म्हटलं की तुमचे कान कसे टवकारतात! पण ‘माहितीपट’ असं नुसतं म्हणून बघा, निम्मे जण जांभया द्यायला लागतील. माझी भाची तर विचारते, “मामा, माहितीपट म्हणजे ते शाळेत दाखवतात आणि नंतर प्रश्न विचारतात तेच ना?”

ही जांभई तशी जुनी आहे बरं का. आजी-आजोबांना विचारा. १९४८ साली सरकारने फिल्म्स डिव्हिजन ही संस्था काढली. तिचे छोटे माहितीपट थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवत. पुष्कळ लोक तेवढा वेळ बाहेर बटाटेवडे खात उभे राहत! तेव्हापासून आपण ठरवूनच टाकलंय, की गोष्टीचा सिनेमा मजेचा आणि माहितीपट अभ्यासाचा. मला हे मुळीच पटत नाही. का, ते अलीकडच्या तीन चित्रपटांवरून सांगतो. मतं माझी आहेत. तुमची वेगळी असली तर उत्तमच.

आधी गोष्टीचा सिनेमा घेऊ. ‘नाळ’ (२०१८) मधल्या चैत्याला आपण दत्तक आहोत हे कळतं. ‘नाळ भाग २’ (२०२३) मध्ये तो जन्मदात्या आईच्या गावी येतो. तिथे त्याला चिमी ही धाकटी बहीण भेटते. पण ती काही या नव्या दादाला पटकन आपला म्हणत नाही. माझ्या लेखी सगळ्या सिनेमाचा जीव एवढ्यात आहे. चैत्या आणि चिमी खरी माणसं नाहीत. पण धाकटीने फुगून बसायचं आणि थोरल्याने तिच्यामागे घिरट्या घालायच्या, हे तुमच्या घरात होत नाही? माणसं खोटी, तरी गोष्ट खरी!

आता माहितीपट. ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ला २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात बोम्मन आणि बेल्ली हे जोडपं रघू नावाचं पोरकं हत्तीचं पिल्लू वाढवतं. पुढे वनखातं रघूला दुसऱ्याच्या हाती सोपवतं. तो प्रसंग पाहून माझेही डोळे भरून आले. तरीपण एक गोष्ट खटकली. आता हसा, आता रडा, असं तिथलं संगीत आपल्याला सारखं सांगत राहतं. रघूची आई विजेचा धक्का लागून मेली होती. जंगलातल्या हत्तींवर अशी पाळी का येते, यावर हा चित्रपट थोडा जास्त थांबला असता, तर मला अधिक आवडलं असतं.

माझा पहिला नंबर मात्र शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ (२०२२) ला. त्याचं नाव ऑस्करच्या यादीत होतं, पण बक्षीस हुकलं. दिल्लीतले नदीम आणि सौद हे भाऊ तळघरात साबणाची यंत्रं बनवतात आणि तिथेच जखमी घारींवर उपचारही करतात. घार मांस खाते म्हणून पक्ष्यांच्या एका दवाखान्याने ती घेतली नाही, तेव्हा हे दोघे स्वतःच शिकले. तरुणपणी व्यायामाच्या नादात त्यांना स्नायूंची जी माहिती झाली होती, ती इथे कामी आली! एका प्रसंगात घार चक्क त्यांच्या मदतनिसाचा चष्मा पळवते. दुसऱ्यात त्याच्या खिशातून खारूताई डोकावते. कॅमेरा कुठे घाई करत नाही. काय वाटून घ्यायचं ते आपल्यावर सोडतो. त्यातल्या कितीतरी घारी पतंगाच्या मांज्याने कापलेल्या असतात. संक्रांतीला आपण जो मांजा ओढतो, त्याचं दुसरं टोक कुठे जातं, हे तिथे कोणी बजावत नाही. आपल्यालाच ते दिसतं.

म्हणून सांगतो, माहितीपट म्हणजे सगळं खरंच असतं, असंही धरून चालू नका. खूप तास चित्रण करून त्यातलं थोडंच ठेवतात. काय ठेवायचं, हे कोणीतरी ठरवतं. तेव्हा कुठलाही चित्रपट संपला, की स्वतःला एक प्रश्न विचारा. मला जे वाटलं ते माझं मला वाटलं, की कोणीतरी वाटायला लावलं?

आणि आईबाबांनो, एक विनंती. सिनेमा संपल्या संपल्या “काय बोध घेतलास?” असं विचारू नका. त्याऐवजी “तुला कुठलं माणूस आवडलं?” असं विचारा. मग बघा, पोरं तासभर बोलत बसतील. कदाचित तुमच्याशी भांडतीलसुद्धा. भांडू द्या की! सिनेमावरून झालेल्या भांडणाने कोणाचं वाईट झालंय?