धुरांड्याच्या पोटात

जॅकडॉ हा कावळ्याच्या कुळातील पक्षी इंग्लंडमधील जुन्या घरांच्या धुरांड्यांत घरटे बांधतो. वरून तो एकेक काटकी आत सोडत राहतो. एखादी काटकी आडवी अडकली, की तिच्यावर बाकीच्यांचा ढीग साचत जातो. खाली शेकोटीपाशी बसणाऱ्या कुटुंबाला याची गंधवार्ताही नसते.

म्हणूनच जाणता कारागीर धुरांडे झाडायला आला, तरी लगेच ब्रश चालवत नाही. तो आधी अंगणात उभा राहून छपराकडे पाहतो. खोलीत धूर परततो का, हे घरच्यांना विचारतो. मग तळाशी आरसा धरतो. धुरांडे सरळ असेल तर आरशात आकाशाचा तुकडा दिसतो; पण बहुतेक धुरांडी मध्येच वळलेली असतात. अशा वेळी तो खाली थोडा धूर करून तो वरून मोकळेपणाने बाहेर पडतो का, हे पाहतो. ही घाई नसलेली तपासणीच त्याच्या कामाचा खरा कस होय. न पाहता ब्रश रेटला तर काटक्या अधिकच घट्ट दाबल्या जातात. काजळी तेवढी खाली पडते आणि घरचे लोक निर्धास्तपणे विस्तव पेटवतात. कोंडलेल्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट बळाने चिकटतो. निजलेले माणूस मग जागे होतेच असे नाही.

एके काळी धुरांड्याच्या आत काय आहे, हे लहान मुलांना चढवून कळत असे. १८४० च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील कोणालाही आत चढवण्यास बंदी केली होती. लांब दांड्यांचे ब्रशही तोवर निघाले होते. तरीही १८७५ मध्ये केंब्रिजजवळील एका रुग्णालयाच्या धुरांड्यात जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढले, पण तो वाचला नाही. त्याच्या मालकाला शिक्षा झाली आणि त्याच वर्षी अधिक कडक कायदा आला.

आता अडचणीच्या जागी कॅमेरा जातो. त्यात कधी घरट्यातील पिले दिसतात. १९८१ च्या कायद्यानुसार नांदते घरटे मोडता येत नाही. कारागीर मग सामान आवरतो, शेकोटी पेटवू नका असे घरच्यांना बजावतो आणि पिले उडून गेल्यावर येण्याचे कबूल करतो. त्या खेपेला घरटे काढून झाले, की धुरांड्याच्या तोंडावर तो जाळी बसवतो.