सामंतचा पोपट

ऑफिसच्या ग्रुपने तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) करायचं ठरवलं आणि माझ्या वाट्याला सामंत आला. गावातला साधा माणूस, गैरहजर नटाच्या जागी चौथा साक्षीदार म्हणून उभा केलेला. बेणारेबाई आणि सुखात्म्यांपुढे तो कुणाला आठवतो? पहिला मोह होतो त्याला बावळट करायचा. हशा हमखास!

पण गंमत बघा. साक्ष म्हणून तो हातातल्या सवंग कादंबरीतलंच सांगत सुटतो, आणि नेमकं तेच बाईंच्या खऱ्या आयुष्याला भिडतं. बाकीचे टपून वार करतात, हा बिचारा नुसता मदत करतोय! म्हणून मी हशासाठी थांबलोच नाही. शाळेतल्या मुलाने उत्साहात उत्तर द्यावं तशी साक्ष दिली. प्रयोगात हॉल चिडीचूप.

शेवटी पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट तो बाईंजवळ ठेवून जातो. दिग्दर्शक म्हणाला, "डोळ्यांत पाणी आण." मी अडून बसलो. पाणी आणलं तर त्याला आपला वाटा कळला असं होईल. त्याला दिसतंय एवढंच, की बाईंना वाईट वाटतंय. अख्ख्या कोर्टात तेवढं फक्त त्यालाच दिसतं. आणि घावही त्याचाच सगळ्यात खोल!