आजोबांची लेन्स

या उन्हाळ्यात आमच्या पंचवटीतल्या गच्चीवर पापड-कुरडयांच्या शेजारी एक लेन्सही उन्हात पडली होती. शेजारीपाजारी हसत. आजोबांच्या जुन्या पेंटॅक्स कॅमेऱ्याची ही ५० मिलिमीटरची सुपर-टाकुमार. तिच्या काचेत थोरियम आहे. वर्षानुवर्षे अंधारात राहिली की अशी काच चहासारखी पिवळी पडते आणि उन्हाने पुन्हा निवळते. (खाली चंदेरी कागद हवा, नाहीतर फडके पेटायचे!) "कावीळ झालीय तिला," म्हणत आजी पापड उलटताना तिलाही उलटू लागली.

कॅमेऱ्याचे शटर केव्हाच गेलेले. लेन्स मात्र ठणठणीत. जुन्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरशासाठी जागा लागे, सुमारे साडेपंचेचाळीस मिलिमीटर. माझ्या नव्या सोनीत आरसाच नाही. तिथे अंतर अवघे १८. मधली उणीव धातूचे एक पोकळ कडे भरून काढते. त्यात ना भिंग, ना तार. त्यामुळे कॅमेऱ्याला आपल्याला लेन्स लावली आहे, याचा पत्ताच नसतो! लेन्स नसली तरी फोटो काढ, असे त्याला आधी बजावून ठेवावे लागते.

पुढचे सारे हाताने. पहिल्या दिवशी रामकुंडावर साठ-सत्तर फोटो काढले; धड आले चार. अॅपर्चर १.४ वर उघडे ठेवले की डोळा स्पष्ट आणि कान धूसर. घरी येऊन मी कुरकुरले. आजोबा ऐकत होते. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. त्यांनी लेन्स मागितली, कड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आठवर ठेव. अंतर दहा फूट. मग साडेआठापासून बारा फुटांपर्यंत सगळं नीट येतं. बघत काय बसतेस? दाब बटण."

तेव्हा लक्षात आले, लग्नातला एक गट सोडला तर घरात आजोबांचा फोटोच नाही. सगळ्यांचे त्यांनी काढले ना!

दुसऱ्या दिवशी त्यांना दुतोंड्या मारुतीपाशी नेले. मी कॅमेरा उचलणार तोच आजी म्हणाली, "दे गं इकडं." जन्मात तिने कॅमेरा हाती धरलेला नव्हता.

"किती पावलं?" आजोबांनी विचारले.

"सहा."

"तुझी पावलं लहान. नऊ फूट धर."

मी कडे नऊवर आणले. आजीने बटण दाबले. अॅपर्चर आठवर न्यायचे मी साफ विसरले होते, त्यात आजीचा अंदाजही चुकला. काठीची मूठ आणि तिच्यावरची बोटे लख्ख आली. चेहरा मागे धूसर.

"कसा आलाय?" आजोबांनी विचारले.

मी शब्द शोधत होते. आजी पडद्यावर वाकली.

"हसताय," ती म्हणाली.