परमुलखातील मास्तरीण

आमच्या डोंबिवलीच्या घरातील माझी पुतणी गेल्या वर्षी जपानातील एका प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकविण्यास गेली. परदेशी साहाय्यक शिक्षक बोलाविण्याची योजना त्या देशाने १९८७ साली सुरू केली. २०२० पासून तर तिसऱ्या इयत्तेपासूनच मुलांस इंग्रजीची तोंडओळख करून देतात.

पहिले दोन महिने तिला फार जड गेले. दुपारी मुलांसमवेत वर्गातच जेवावयाचे, मग मुले केर काढीत, फरशी पुशीत, त्यांत हात लावावयाचा. पण बोलावे कोणाशी? “काका, परत येऊ का?” असे तिने एके रात्री दूरध्वनीवरून विचारले.

मी म्हटले, “त्या मुलांची मुळाक्षरे शिकलीस काय?”

ती शिकू लागली आणि चकित झाली. अ, इ, उ, ए, ओ. पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व! बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अध्ययनाबरोबर तेथे पोहोचलेला आपल्याच वर्णमालेचा हा क्रम. त्यात ‘ल’ निराळा नाही, म्हणून मुलांचे ‘लाइट’ आणि ‘राइट’ एकच होई. लहानपणी मजपाशी शिकलेली उच्चारस्थाने तिने त्यांस दाखविली: ‘ल’ला जीभ दातांमागे टेकते, इंग्रजी ‘र’ला कोठेच टेकत नाही. उलट मुलांनी तिचे जपानी उच्चार सुधारले. वर्गात हशा पिकू लागला आणि परतण्याची भाषा थांबली.

ठाणे-कल्याणकडील कित्येक घरांतून आज मुली परदेशी जातात. त्यांस लोणचे-पापड अवश्य बांधून द्यावे. परंतु ज्यांस शिकवावयाचे त्यांचे आधी विद्यार्थी व्हावे, हीही शिदोरी वडीलधाऱ्यांनी बरोबर द्यावी.