कोलोराडोच्या घाटांत उलाळ गाडी

अमेरिकेंत राहणाऱ्या मुलांकडे जाऊन येणाऱ्या आईबापांची संख्या आपल्या समाजांत आतां इतकी वाढली आहे कीं, नायगाराच्या धबधब्याचें किंवा न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचें वर्णन मांडूं लागल्यास वाचक पान उलटून पुढें जातील, व त्यांत त्यांचा दोष नाहीं. तीं वर्णनें मी करीत नाहीं. २०२४ च्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां चिरंजीवाकडे डेन्व्हर शहरीं तीन महिने राहिलों. त्या मुक्कामांत पाहिलेला एक घाट, आणि त्या घाटांत एका कोऱ्या करकरीत मोटारीनें आम्हांस दिलेला हिसका, एवढाच या लेखाचा विषय आहे.

त्या देशांत घरच पाठीमागें जोडून प्रवासास निघण्याची चाल सर्वत्र रूढ आहे. चार चाकांवर बसविलेली एक लांबट खोली असते. तींत बिछाने, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, पाण्याची टांकी, सर्व कांहीं असतें. नसतें तें फक्त इंजिन. तेव्हां तिला ओढावयास मोटार लागते. ही मोटार बहुधा पिकअप ट्रक या जातीची असते: पुढें पांचसहा माणसें बसण्याची प्रशस्त जागा, व मागें उघडा हौदा. चिरंजीवानें एक जुनें फिरतें घर आधींच घेऊन ठेविलें होतें. हॉटेलांतील अन्नाची धास्ती आणि स्वतःच्या चुलीची ओढ या दोन गोष्टींत सासूसुनांचें एकमत झाल्यामुळें आमच्या मुक्कामांतच तें बाहेर काढावयाचें ठरलें, व त्यासाठीं नवी मोटार आली. किंमत साठ हजार डॉलर, म्हणजे आपले पन्नास लाख. सहा वर्षांच्या हप्त्यांनीं. आंकडा ऐकून सौ. नें डोळे मिटून घेतले.

विक्रेत्याकडे मी बरोबर गेलों होतों. गृहस्थ गोड बोलणारा. ही मोटार ११,००० पौंड ओढते, असें त्यानें तीन वेळां सांगितलें. (सव्वादोन पौंडांचा एक किलो, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.) आमचें फिरतें घर सामानसुमानासह ६,८०० पौंडांचें. अकरा हजारांतून सहा हजार आठशें वजा करावयास गणिताचा मास्तर लागत नाहीं. चिरंजीवाची मुद्रा प्रसन्न झाली, व सही झाली. विक्रेता खोटें बोलला असें मी म्हणत नाहीं. जें विचारलें त्याचें उत्तर त्यानें दिलें. मोटारीचें दार उघडल्यावर चौकटीच्या खांबावर एक लहानसा कागद चिकटविलेला दिसतो. छापील अक्षर दिसलें कीं वाचावें, ही आमची चाळीस वर्षांची खोड. माणसें आणि सामान मिळून १,४८० पौंडांहून अधिक भार घालूं नये, असें त्यावर होतें. हा आंकडा मीं वहींत टिपून ठेविला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत सकाळीं आम्ही निघालों. जावयाचें होतें युटा राज्यांतील आर्चेस राष्ट्रीय उद्यानास, जेथें तांबड्या खडकाच्या दोन हजारांहून अधिक नैसर्गिक कमानी आहेत. अंतर सुमारें साडेतीनशें मैल. डेन्व्हर शहरच ५,२८० फुटांवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्याही डोक्यावर वसलेलें आहे. तेथून पश्चिमेस साठ मैलांत रस्ता ११,००० फुटांवर चढतो. वाईची पसरणी ज्यांनीं पाहिली आहे त्यांनीं तसे चार घाट एकावर एक रचून पाहावेत. मात्र वळणें थोडीं, आणि रस्ता असा कीं पेला भरून ठेवला तर थेंब सांडूं नये.

वाटेंत आयडाहो स्प्रिंग्ज नांवाचें गांव लागतें. १८५९ सालीं येथील ओढ्याच्या वाळूंत सोनें सांपडलें आणि हा सारा डोंगरी मुलूख माणसांनीं भरला. तेथें आम्ही चहासाठीं थांबलों, तों मोटारीचें रूप पालटलेलें दिसलें. मागचा भाग खालीं दबला होता व पुढलें तोंड आकाशाकडे होतें. चिरंजीव म्हणाला, "स्टिअरिंग हलकें लागतंय, बाबा." पुढल्या चाकांवरचा भार कमी झाला म्हणजे असें होतें. त्यानें यावर तात्काळ उपाय केला. हौद्यांतील जनित्र, तांदूळ-डाळींच्या पिशव्या, पाण्याचे डबे, आणि फिरत्या घराच्या पुढल्या कप्प्यांतील जड सामान, सारें उचलून त्या घराच्या अगदीं मागल्या टोंकास नेऊन ठेविलें. मोटारीचें तोंड खालीं आलें. सर्वांस बरें वाटलें. एकटी सौ. म्हणाली, "अरे, गाडी उलाळ होईल ना!"

हा शब्द आतां शहरी घरांत कोणास ठाऊक नसेल. तिच्या माहेरीं, कृष्णाकाठच्या खेड्यांत, खंडाचें धान्य बैलगाडींतून घरीं येत असे. बैलगाडी दोन चाकांची. कण्याच्या पुढें किती भार आणि मागें किती, यावर सर्व खेळ. मागें अधिक झाला कीं गाडी उलाळ होते, म्हणजे जूं बैलांच्या खांद्यांवरून वर उचलूं लागतें व त्यांच्या गळ्यास फांस बसतो. पुढें अधिक झाला तर बैलांचे खांदे सुजतात. म्हणून गाडी भरल्यावर गाडीवान जूं हातानें उचलून पाहतो व एखादें पोतें इकडचें तिकडे करतो. सौ. नें हें लहानपणीं शेंकडों वेळां पाहिलेलें. परंतु साठ हजार डॉलरांच्या यंत्रापुढें बैलगाडीचा दाखला कोण ऐकणार? चिरंजीव हंसला, आणि आम्ही निघालों.

चढणीवर मोटारीनें कमाल केली. हवा विरळ होत जाते तशी साध्या इंजिनाची शक्ती घटते. अकरा हजार फुटांवर तें जवळ जवळ तिसरा हिस्सा गमावून बसतें. या इंजिनांत हवा दाबून भरण्याची योजना होती, त्यामुळें त्यास दम म्हणून लागला नाहीं. माथ्यावर आयझेनहॉवर बोगदा आहे. तो १९७३ सालीं खुला झाला. पूर्वेकडे येणाऱ्या गाड्यांसाठीं शेजारचा जॉन्सन बोगदा १९७९ सालीं झाला. लांबी पावणेदोन मैलांच्या जवळपास. हा बोगदा ज्या डोंगराखालून जातो तो साऱ्या खंडाचें पाणी वांटून देणारा कणा आहे: अलीकडचा पाऊस अटलांटिक महासागराकडे, पलीकडचा पॅसिफिककडे. महाबळेश्वरीं एकाच डोंगरावरून कृष्णा पूर्वसमुद्रास आणि सावित्री पश्चिमसमुद्रास जाते, तोच प्रकार, मोठ्या मापानें. मी नातीस हें समजावून सांगत असतां बोगदा संपला आणि उतार लागला.

हा उतार आठ मैलांचा असून कांहीं ठिकाणीं शंभर फुटांस सात फूट इतका तीव्र आहे. ज्या मालमोटारींचे ब्रेक तापून निकामी होतात त्यांच्यासाठीं रस्त्याच्या कडेस खडीनें भरलेल्या चढत्या वाटा करून ठेविल्या आहेत. बेफाम गाडीनें तींत शिरावें व खडींत रुतून थांबावें. त्यांतील पहिली वाट मी कौतुकानें पाहत होतों. इतक्यांत एक प्रचंड मालमोटार आमच्या डाव्या अंगानें पुढें गेली. तिच्या हवेच्या लोटानें आमचें घर आधीं बाहेर ढकललें, मग आंत ओढलें, आणि तेवढ्यावर न थांबतां तें आपले आपणच झुलूं लागलें. पहिला झोंका लहान, दुसरा मोठा, तिसऱ्यास मोटारीची शेपूट त्याच्याबरोबर फिरली. चिरंजीवानें ब्रेक दाबला, तर मागचें धूड अधिकच अंगावर आलें. उजवीकडे कठडा, कठड्यापलीकडे दरी. सौ. ची रामरक्षा सुरू झाली होती. नात मोठ्यानें म्हणाली, "आजोबा, आपलं घर नाचतंय!" तिला त्यांत भय वाटलें नाहीं, हेंच आम्हां मोठ्यांस असह्य झालें.

अशा फिरत्या घराच्या चाकांस स्वतंत्र ब्रेक असतात, व ते तेवढेच लावावयाची एक लहानशी कळ चालकाच्या हाताशीं असते. चिरंजीवास ती आठवली. त्यानें मोटारीच्या ब्रेकवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलें आणि कळ दाबली. घराचीं चाकें मागें रेटूं लागलीं, मधला सांधा ताणला गेला, आणि आणखी दोन हेलकाव्यांनंतर तें धूड सरळ झालें. एकूण वेळ दहा सेकंदांहून अधिक नसेल. खालीं सिल्व्हरथॉर्न गांवीं मोटार उभी केल्यावर चिरंजीवाचे हात थरथरतांना मीं पाहिले. सूनबाई कांहीं न बोलतां मुलीस पोटाशीं धरून बसली होती.

पुढें जाण्याचा विषय कोणीच काढला नाहीं. जवळच डिलन जलाशयाच्या कांठीं वनखात्याच्या मुक्कामाच्या जागा आहेत, तेथें सुदैवानें एक रिकामी मिळाली. स्थळ अति रम्य. नऊ हजार फुटांवर निळें पाणी, सभोंवार देवदाराच्या जातीचे वृक्ष, आणि जूनमध्येंही शिखरांवर बर्फ. धरण १९६३ सालचें. त्याकरितां डिलन गांव उठवून दुसरीकडे वसवावें लागलें, हें कळल्यावर पाण्याकडे पाहण्याची माझी दृष्टि थोडी बदलली. आपल्याकडील धरणांखालचीं गांवें आठवलीं. हें पाणी डोंगराच्या पोटांतून तेवीस मैल लांबीच्या बोगद्यानें पलीकडे डेन्व्हरकडे नेलें आहे. कोयनेचें पाणीही असेंच सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेस उतरविलें आहे. दिशा मात्र उलट. येथें पाणी ९१ अंशांवरच उकळतें, त्यामुळें सौ. चा भात पहिल्या रात्रीं उघड्या पातेल्यांत कणीदार राहिला. दुसऱ्या दिवशीं कुकर निघाला.

शेजारच्या जागेंत एक वृद्ध गृहस्थ उतरले होते. त्यांचा सारा जन्म मालमोटारी हांकण्यांत गेलेला. आमची हकीकत ऐकून ते आपल्या पेटींतून एक लहानसें वजनमाप घेऊन आले. घराच्या पुढल्या दांडीचें टोंक मोटारीच्या ज्या गोळ्यावर टेकतें, तेथें किती भार पडतो तें त्यानें कळतें. तो एकूण वजनाच्या शंभरास दहा ते पंधरा असावा लागतो, म्हणजे आमच्या बाबतींत ६८० ते १,०२० पौंड. निघाला ४१०. त्याहून कमी भार असला कीं मागचें घर झुलूं लागतें, असें त्यांनीं सांगितलें. मीं सौ. कडे पाहिलें. ती भांडीं विसळीत होती. तिनें मान वर केली नाहीं.

सामान पुन्हां मूळ ठिकाणीं नेलें, तेव्हां भार ८८० झाला. आतां खरा प्रश्न उभा राहिला. हा ८८० पौंडांचा भार कोण वाहतो? मोटार. मीं वही काढली. दांडी ८८०, जोडणीचें लोखंडी सामान १००, आम्ही पांच माणसें ६३०, हौद्यांतील सामान १५०, बेरीज १,७६०. दारावरचा कागद म्हणतो १,४८०. म्हणजे घर नीट भरलें तर मोटार दबते, आणि मोटार सोडविली तर घर झुलतें. अकरा हजार हा ओढण्याचा आंकडा होता, वाहण्याचा नव्हे. अमरकोशकारानें ओझ्याच्या बैलाचीं धुर्य, धौरेय, धुरंधर अशीं नांवें दिलीं आहेत. तीं सर्व धुरा खांद्यावर वाहण्यावरून आलेलीं. आपण सभासंमेलनांत ज्यास त्यास धुरंधर म्हणतों तेव्हां खांद्याचा विचार करीत नाहीं, तें एक असो.

अधिक झालेला भार २८० पौंड. नात नुकतीच वजाबाकी शिकलेली. आजीआजोबा दोघे मिळून २६०, हें तिनें सर्वांआधीं सांगून टाकलें. सूनबाईचा चेहरा उतरला, आणि चिरंजीव एकदम उठून पाण्याकडे निघून गेला. आईबापांना कमानी दाखवाव्या म्हणून ज्यानें सहा वर्षांचें कर्ज काढलें, त्यास त्या बेरजेंत आईबापच जास्त भरले, हें ऐकणें सोपें नव्हतें. मी त्याच्या मागोमाग गेलों नाहीं, सौ. गेली. बराच वेळ दोघें कांठावर उभीं होतीं. परत आल्यावर तिनें सांगितलें कीं, चार दिवस येथेंच राहावयाचें, आर्चेस या खेपेस नाहीं, आणि परततांना आम्ही दोघें बसनें जावयाचें. "पोरा, एस. टी. नें जन्म गेला आमचा. त्यांत वाईट काय वाटायचं?" चिरंजीवानें पुष्कळ विरोध केला, तो टिकला नाहीं.

ते चार दिवस चांगले गेले. त्यांचें वर्णन लांबवीत नाहीं.

जवळच्या फ्रिस्को गांवाहून डेन्व्हरला राज्य सरकारची बस जाते; ही सेवा २०१५ पासून सुरू आहे. स्वच्छ, वेळेवर, आणि चालक अत्यंत सभ्य. निघतेवेळीं नातीनें आमच्याबरोबर येण्याचा हट्ट धरला, त्यामुळें मोटारीचे आणखी साठ पौंड उतरले. चढणीवर उजव्या बाजूस सावकाश चाललेलें आमचें घर आम्हांस दिसलें. बस त्याच्या अंगावरून पुढें जाऊं लागली तशी सौ. नें माझा हात घट्ट धरला. घर जागचें हललें नाहीं. नातीनें खिडकींतून हात हालविला. चिरंजीवाची नजर मात्र समोर रस्त्यावर होती.

नवी मोटार परत घेण्यास विक्रेता तयार होता, पण नऊ हजार डॉलर कापून. म्हणून मोटार राहिली आणि घर विकलें गेलें. त्या जागीं ४,००० पौंडांचें लहान घर आलें आहे. त्याची दांडी मोजून, पांच माणसांचीं वजनें घालून केलेली बेरीज चिरंजीवानें मला पत्रानें कळविली. ती मीं पडताळून पाहिली, बरोबर आहे. या घरांत बिछाने मात्र तीनच आहेत. तेव्हां पुढल्या उन्हाळ्यांत आमची झोंपण्याची व्यवस्था शेजारीं तंबूंत होणार. सौ. नें जाड गोधडी शिवावयास घेतली आहे.