खर्चाचं बोलणं आधी

आईचा उजवा गुडघा बरीच वर्षं तिला छळत होता. कराडच्या घरातला जिना ती आधी कठडा धरून चढायची, मग तिने वरच्या मजल्यावर जाणंच सोडलं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, "सांधा पूर्ण झिजलाय. गोळ्यांवर किती दिवस काढणार? सांधेरोपणाच्या सर्जनना दाखवून या." त्यांची चिठ्ठी घेऊन आम्ही पुण्याला निघालो. ऑपरेशनला आई तयार होती. तिला धास्ती होती खर्चाची आणि त्याहून जास्त, तो विचारायचा कसा याची. "एवढ्या मोठ्या डॉक्टरांना पैशाचं विचारलेलं बरं दिसेल का गं?" असं ती वाटेत म्हणत होती.

हा प्रश्न घरोघरी आहे. साडी घेताना चार दुकानं फिरणारी माणसं सर्जनच्या टेबलासमोर गप्प बसतात आणि आकडा कळतो तेव्हा अंगावर ऑपरेशनचा गाऊन चढलेला असतो. या सगळ्यातून जाताना मला जे कळत गेलं, ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

सुरुवात ओपीडीच्या काउंटरपासून होते. तज्ज्ञांची तपासणी फी आत जाण्याआधी भरावी लागते आणि पहिल्या वेळी केस पेपरचे पैसे वेगळे पडतात. ती पावती मी नीट वाचली. फेरतपासणी सात दिवसांत केली तर पुन्हा फी नाही, असं खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं. काही ठिकाणी ही मुदत पंधरा दिवसांची असते, काही ठिकाणी नसतेच. म्हणून काउंटरवरच विचारून घ्यावं: रिपोर्ट दाखवायला आलो तर पैसे पडतील का, आणि किती दिवसांत यायचं? रक्ताचे रिपोर्ट यायला दोन दिवस लागणार असतील, तर त्या मुदतीत बसेल अशीच पुढची वेळ घ्यावी. गावाहून येणाऱ्याला एसटीचं भाडं, मुक्काम आणि वर पुन्हा फी असा तिहेरी खर्च होतो, तो एवढ्या चौकशीने वाचतो.

पहिल्या हॉस्पिटलात सर्जननी आईचा गुडघा पाहिला, ऑपरेशन लागेल म्हणाले आणि आम्हाला शेजारच्या टेबलावर पाठवलं. तिथल्या ताईंनी सांगितलं, "सगळं धरून अडीच लाखांच्या आसपास." सगळं म्हणजे काय काय, ते मी लिहून मागितलं. "ॲडमिट व्हायच्या दिवशी मिळेल," असं उत्तर आलं. इम्प्लांट कोणतं बसवणार, हे विचारलं तर हातात रंगीत माहितीपत्रक आलं. आकडा मोठा म्हणून नाही, तो कागदावर यायला तयार नव्हता म्हणून आम्ही तिथे तारीख घेतली नाही. एक्स-रे आणि रिपोर्ट रुग्णाचे असतात, ते घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. ठरवून केलेल्या, तातडीच्या नसलेल्या ऑपरेशनमध्ये तेवढा वेळ हातात असतोच.

दुसऱ्या सर्जननी आईला खोलीत चालायला लावलं, उभं राहून काढलेला एक्स-रे प्रकाशावर धरून आम्हाला दाखवला. "आजी, ऑपरेशन करावं लागेल, पण कधी ते तुम्ही ठरवा." आईने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "डॉक्टर, खर्च कशाकशाचा होतो ते समजावून सांगाल का?" त्यांनी चिठ्ठीचा कागद उलटा केला आणि एकाखाली एक लिहीत गेले. माझी फी, असिस्टंटची फी, भूलतज्ज्ञांची फी, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, खोली, इम्प्लांट, औषधं, तपासण्या, फिजिओथेरपी. "माझी फी आणि इम्प्लांटबद्दल मी सांगतो. बाकीचे आकडे बिलिंगमधून लिहून घ्या, आणि आजींना काय बसवणार त्याचं नाव त्यावर लिहायला सांगा," असं म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे दिला. त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी नव्हती. आईच्या मनावरचं अर्धं ओझं तिथेच उतरलं.

त्या कागदावरून मला पहिल्यांदा कळलं की सर्जनची फी ही बिलातली एक ओळ आहे. आपण म्हणतो, "डॉक्टरने अडीच लाख घेतले." त्यातला बराच पैसा हॉस्पिटलकडे, औषधांकडे आणि इम्प्लांट बनवणाऱ्या कंपनीकडे गेलेला असतो. भूलतज्ज्ञांची फी बहुतेक ठिकाणी सर्जनच्या फीच्या ठरावीक टक्क्यांत असते, त्यामुळे एक वाढली की दुसरी वाढते. हे माहीत असलं की कोणता प्रश्न कुणाला विचारायचा ते उमगतं. खोलीच्या दराबद्दल सर्जनशी वाद घालून उपयोग नसतो आणि इम्प्लांटची निवड बिलिंगच्या टेबलावर करायची नसते.

बिलिंगच्या टेबलावर मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट समजली ती खोलीबद्दल. जनरल वॉर्ड, दोघांची खोली, स्वतंत्र खोली असे वर्ग असतात आणि बऱ्याच खाजगी हॉस्पिटलांत खोलीचा वर्ग वाढला की नुसतं भाडं वाढत नाही. सर्जनची फी, ओटी, नर्सिंग, डॉक्टरांच्या भेटी, सगळ्यांचे दर चढतात. ऑपरेशन तेच, डॉक्टर तेच, टेबलही तेच. आम्हाला मिळालेल्या तक्त्यात दोघांच्या खोलीचं भाडं दिवसाला ४,००० होतं आणि सर्जनची फी ४५,०००. स्वतंत्र खोलीचं भाडं ७,५०० आणि तीच फी ६०,०००. शिवाय जुलै २०२२ पासून दिवसाला ५,००० रुपयांच्या वरच्या खोलीभाड्यावर ५ टक्के जीएसटी लागतो, अतिदक्षता विभाग तेवढा वगळून.

विमा असेल तर खोलीचा प्रश्न आणखी गंभीर होतो. आईची पॉलिसी पाच लाखांची आणि खोलीची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. आम्ही ७,५०० ची खोली घेतली असती तर वरचे अडीच हजार भरून सुटलो असतो असं कुणालाही वाटेल. तसं नसतं. मर्यादा आणि प्रत्यक्ष भाडं यांचं जे प्रमाण, त्याच प्रमाणात बाकीच्या रकमाही कापल्या जातात. पाच हजार म्हणजे साडेसात हजारांचे दोन तृतीयांश. मग ६०,००० च्या सर्जन फीमधले ४०,००० विमा कंपनी देणार आणि २०,००० घरचे. ओटी, भूल, नर्सिंग, सगळीकडे हीच कात्री. २०२० मध्ये विमा नियामकाने यावर थोडा लगाम घातला. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर आता अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही. पण उरलेल्या कपातीनेही कुटुंबाचं गणित कोलमडू शकतं. आम्ही दोघांची खोली घेतली. शेजारच्या खाटेवर इस्लामपूरच्या एक मावशी होत्या, त्यांचाही गुडघाच. दोघी एकमेकींना बघून व्यायाम करायच्या.

पॉलिसीतला प्रतीक्षा काळही आधी पाहावा लागतो. सांधेरोपण, मोतीबिंदू, हर्निया अशा ठरावीक आजारांसाठी पॉलिसी घेतल्यापासून दोन-तीन वर्षं दावा चालत नाही. आईची पॉलिसी जुनी होती म्हणून प्रश्न आला नाही. ज्यांचे चारच महिने बाकी असतील, त्यांनी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. गुडघ्यासारख्या ऑपरेशनमध्ये थांबता येईल की नाही, हे ते सांगू शकतात.

आता इम्प्लांट. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत त्याआधी दीड लाखांच्या पुढे जायची, ती ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी बांधली गेली. इम्प्लांटचं नाव, कंपनी, बॅच नंबर आणि किंमत बिलात वेगळी दाखवणं हॉस्पिटलवर बंधनकारक झालं. म्हणून "पॅकेजमध्ये सगळं आलं" एवढ्यावर समाधान मानू नये. ऑपरेशनच्या संध्याकाळी सिस्टर आईची फाइल घेऊन बसल्या होत्या. मांडीच्या हाडाकडचा भाग, नडगीकडची पट्टी, मधला प्लास्टिकचा तुकडा आणि हाडांचं सिमेंट, प्रत्येकाच्या खोक्यावरचं छोटं स्टिकर त्या सोलून फाइलमधल्या कागदावर चिकटवत होत्या. प्रत्येकावर बारकोड, साइझ आणि बॅच नंबर. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ताई, ही स्टिकरं म्हणजे पुरावा. क्लेमला लागतात, आणि पुढे कधी काही झालंच तर आत काय बसवलंय ते याच्यावरूनच कळतं." मी त्या पानाचा फोटो काढून घेतला आणि डिस्चार्जच्या कागदांसोबत त्याची प्रत मागून घेतली.

पॅकेजबाबत उलट बाजूने विचारावं: यात काय येत नाही? आमच्या कागदावर लिहिलेलं होतं की ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त मुक्काम, रक्त चढवणं, आयसीयू आणि इतर तज्ज्ञांच्या भेटी वेगळ्या. आईला मधुमेह आहे, त्यामुळे फिजिशियनची भेट लागणारच होती. ती आम्ही आधीच हिशेबात धरली.

कॅशलेस म्हणजे एक रुपयाही न भरता घरी येणं, असा समज पक्का आहे. प्रत्यक्षात भरती होताना डिपॉझिट मागतात, विमा कंपनीकडून सुरुवातीला थोड्याच रकमेची मंजुरी येते आणि उरलेली डिस्चार्जच्या वेळी. हातमोजे, टोप्या, डायपर, नोंदणी शुल्क अशा गोष्टी 'नॉन-मेडिकल' म्हणून आपल्याच खिशातून जातात. डिपॉझिटची पावती घ्यावी आणि ते अंतिम बिलात वळतं झालंय का ते पाहावं. डिस्चार्जचा दिवस सगळ्यांचाच कसोटीचा असतो. २०२४ च्या विमा नियामकाच्या परिपत्रकानुसार कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. त्याहून उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलचा खर्च वाढला तर तो विमा कंपनीने सोसायचा. हे ठाऊक असलं की विमा कंपनीच्या वतीने दावे पाहणाऱ्या टीपीएच्या खिडकीशी आवाज न चढवता ठामपणे बोलता येतं.

डिस्चार्जची मंजुरी येईपर्यंत मी अंतिम बिल ओळ-ओळ वाचलं. वॉर्डात न वापरलेली इंजेक्शनं मेडिकलला परत गेली होती, पण त्यांचे पैसे वजा झालेले नव्हते. काउंटरवरच्या मुलाने तपासून दुरुस्ती करून दिली. त्याने हे मुद्दाम केलं होतं असं मला वाटत नाही. एवढ्या घाईत अशा गोष्टी सुटतात, म्हणून तर बिल वाचायचं.

आमच्याकडे कराड-साताऱ्याच्या बाजूला पुण्या-मुंबईचे सर्जन ठरावीक वारी येऊन छोट्या हॉस्पिटलात ऑपरेशन करतात. ही मोठीच सोय आहे. पण तिथे कधीकधी हॉस्पिटलचं बिल वेगळं आणि डॉक्टरांची फी वेगळी, रोख मागितली जाते. विम्याचा दावा करायचा असेल तर ती फी हॉस्पिटलच्याच बिलात यायला हवी, हे आधी बोलून घ्यावं. आणि एका रुग्णाच्या एका उपचारापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेण्यास आयकर कायद्याने २०१७ पासूनच मनाई आहे.

ज्यांच्याकडे विमा नाही, त्यांच्यासाठीही वाटा आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. आपलं ऑपरेशन त्यात बसतं का आणि कोणत्या हॉस्पिटलात होतं, हे योजनेतल्या हॉस्पिटलात बसणारे आरोग्यमित्र सांगतात. धर्मादाय हॉस्पिटलांत उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जावं, आणि शक्यतो भरती होण्याआधी. शेजारच्या खाटेवरच्या मावशींच्या मुलाला हे कुणीच सांगितलेलं नव्हतं. त्याने ऊस गेल्यावर येणाऱ्या बिलावर उसनवार केली होती.

२०२१ मध्ये महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांत दुरुस्ती झाली. रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर दर्शनी जागी लावणं हॉस्पिटलांना बंधनकारक झालं. म्हणजे दर विचारणं हा आगाऊपणा नाही, कायद्याने मान्य केलेला हक्क आहे. तो फलक शोधावा, वाचावा, दिसला नाही तर विचारावं.

माझं एवढंच सांगणं आहे. चांगल्या सर्जनला खर्चाच्या प्रश्नाचा राग येत नाही. आपण ऑपरेशन केलेलं माणूस कर्जाच्या काळजीत व्यायाम सोडून देतं, फेरतपासणीला येत नाही, हे त्यांनी पाहिलेलं असतं. खर्चाचं बोलणं हा उपचाराचाच भाग आहे आणि ते भरती होण्याआधी, कागदावर व्हायला हवं. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं तर सोबत असं एक माणूस न्या, जे न बिचकता विचारेल: यात काय येतं, काय येत नाही, कोणत्या खोलीला किती, आणि हे मला लिहून द्याल का?