चेहरा ही अमानत

मराठीत आपण फोटो ‘काढतो’. उर्दूत तस्वीर ‘खींचते हैं’. मिरज-सांगलीकडच्या आमच्या दखनीत जुन्या बायका फोटू ‘उतारना’ म्हणतात. काढणे, ओढणे, उतरवणे. या तिन्ही क्रियापदांत कॅमेरा हाती असलेला माणूस समोरच्याकडून काहीतरी घेऊन जातो. समोर बसलेला माणूस काय देतो आणि कोणत्या भरवशावर देतो, हे त्यांत कुठेच येत नाही. चार वर्षांपूर्वी मी पोर्ट्रेट फोटोग्राफी शिकायला लागले, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे.

मी उर्दू माध्यमाच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. फोटोग्राफीचा नाद मला शाळेतल्या फॉर्मांनी लावला. प्रवेशाचा फॉर्म, स्कॉलरशिपचा फॉर्म, बँकेचे पासबुक, दहावीच्या परीक्षेचा अर्ज. प्रत्येक ठिकाणी फोटो पाहिजे. मुलीचा आणि पुष्कळदा आईचाही. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मातांना स्टुडिओत जायचे म्हटले की अंगावर काटा येतो. अनोळखी पुरुषासमोर नकाब वर करायचा, ओढणी मागे सारायची, तो ‘हनुवटी वर, इकडे बघा’ म्हणणार. फोटो येतो तो घाबरलेल्या बाईचा. मग तोच चेहरा दहा-पंधरा वर्षे सरकारी कागदांवर राहतो. एकदा एका विद्यार्थिनीची आई म्हणाली, “बाजी, आपच निकालो ना फोटो. आपके सामने शरम नहीं आती.” तेवढ्यावरून मी शिकायचे ठरवले.

सांगलीतल्या एका जुन्या स्टुडिओच्या मालकांकडे मी दर रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ लागले. वय साठीच्या पुढे. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणते. फिल्मच्या काळातला माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हाती कॅमेरा दिलाच नाही. टेबलावर एक पांढरे अंडे उभे करून ठेवले, एक दिवा लावला आणि म्हणाले, “मॅडम, हा दिवा अंड्याभोवती फिरवा आणि सावली कुठं कुठं जाते ते वहीत काढा.” तासभर मी तेच केले. दिवा समोर असला की अंडे कागदाच्या चकतीसारखे सपाट दिसते. बाजूला थोडा वर नेला की त्याला गोलाई येते. अगदी बाजूला नेला की अर्धे अंडे अंधारात जाते. काका म्हणाले, “माणसाचं डोकं म्हणजे नाक-डोळे असलेलं अंडंच. नाकाची सावली कुठं पडते तेवढं बघत चला.”

पुढे त्यांनी एक दिवा असा लावून दाखवला की चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूच्या गालावर उजेडाचा एक लहानसा त्रिकोण उरतो. डच चित्रकार रेम्ब्राँ याच्या चित्रांत असा प्रकाश दिसतो, म्हणून स्टुडिओवाले त्याला त्याच्याच नावाने ओळखतात. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरली की सावली मऊ होते. दिवा लांब नेला की सावलीची कड चाकूसारखी होते, छत्री लावून जवळ आणला की ती विरघळते. दिवा एक मीटरवरून दोन मीटरवर नेला तर प्रकाश निम्मा होत नाही, चौथाई होतो. हा नियम मी वर्गात कितीदा सांगितला आहे, पण तो माणसाच्या गालावर घडताना प्रथमच पाहिला. शाळेत पिनहोल कॅमेरा शिकवताना मी मुलांना इब्न अल्-हैसमबद्दल सांगते. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला कैरोत त्याने ‘किताब अल्-मनाझिर’ लिहिली, अंधाऱ्या खोलीच्या भोकातून येणाऱ्या दिव्यांच्या प्रकाशाचे प्रयोग केले आणि डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो, हे मांडले. त्या विद्येचा धागा सांगलीच्या स्टुडिओतल्या थर्माकोलपर्यंत येतो याचे मला नवल वाटत राहिले.

एक गोष्ट मात्र काकांच्या वहीत नव्हती. ती आम्ही दोघांनी मिळून शोधली. कॅमेऱ्याचे मीटर समोरच्या दृश्याची सरासरी काढते आणि ती मध्यम करड्या रंगाची आहे असे धरून चालते. बुरख्यातली बाई समोर बसली की चौकटीचा बराच भाग काळा असतो. कॅमेऱ्याला वाटते उजेड कमी आहे. तो जास्त प्रकाश आत घेतो आणि बाईचा चेहरा पांढराफटक होतो, नाक-गाल कळेनासे होतात. पांढरा कुर्ता-टोपी घातलेले बुजुर्ग बसले की उलटे होते. कॅमेरा प्रकाश कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. आमच्या समाजाच्या कितीतरी फोटोंत बायका चुन्यासारख्या आणि पुरुष कोळशासारखे दिसतात, त्याचे एक कारण हे आहे. उपाय सोपा आहे. कपड्यांकडे न बघता चेहऱ्यावरचा उजेड मोजायचा. बुरखा असेल तर एक्स्पोजर मुद्दाम कमी करायचे, पांढरे कपडे असतील तर वाढवायचे. सरासरीवर विसंबले तर माणूस हाती लागत नाही, हे शिक्षिका म्हणूनही मला ओळखीचे होते. चाळीस मुलांच्या वर्गात दुसरे काय होते?

दुसरा प्रश्न ‘टचिंग’चा. पूर्वी काका निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने काम करायचे, आता ते संगणकावर होते. लग्नाच्या बायोडाटासाठी मुलीचा फोटो काढायला आलेले आईबाप हमखास म्हणतात, “थोडं गोरं करून द्या.” त्या वेळी मुलगी खाली बघत असते. मी माझ्यापुरता एक नियम केला. चार दिवसांत जाणारी पुटकुळी पुसायची. जन्मभर राहणारा तीळ, व्रण आणि रंग जसाच्या तसा ठेवायचा. एका मुलीच्या आईला मी म्हटले, “चाची, लडकेवाले घर आएँगे तब तो असली रंग देखेंगेच ना?” चाची हसल्या. मुलगी पण हसली, आणि तोच फोटो चांगला आला.

बायकांसाठी बायकांनीच फोटो काढावेत ही कल्पना काही आजची नाही. निझामाच्या दरबाराशी जोडलेले प्रसिद्ध छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ सुरू केला होता. पर्द्यातल्या बायकांनी तिथे यायचे, कॅमेऱ्यामागे एक इंग्रज बाई असायची. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी दख्खनच्या मुस्लिम घरांतील बायकांना आपली तस्वीर हवी होती आणि ती आपल्या अटींवर हवी होती. पुढे ही सोय पैसेवाल्यांच्या हवेल्यांतून आमच्या गल्ल्यांपर्यंत मात्र आली नाही.

तस्वीर जायज की नाजायज, हा वाद मी टाळत नाही. आमच्या घरात अब्बांनी भिंतीवर काबा शरीफच्या चित्राशिवाय काही लावू दिले नाही. काही उलेमा कॅमेऱ्याच्या फोटोलाही मनाई मानतात, काही गरजेपुरती सूट देतात. १९१४ ते १९२० या काळात मिस्रचे मुफ्ती असलेले मुहम्मद बखीत अल्-मुतीई यांनी फोटो म्हणजे आरशातल्यासारखी धरून ठेवलेली सावली, असे मानून त्याला परवानगी दिली होती. दुसरीकडे, आमच्या शेजारच्या विजापूरच्या इब्राहिम आदिलशाह दुसरा याचे तंबूर वाजवतानाचे चित्र फर्रुख बेगने काढले, तेही मुस्लिम दरबारातच. मी फतवा देणारी कोणी नाही. ज्याला नको त्याच्यासमोर मी कॅमेरा बाहेर काढत नाही, एवढेच माझे धोरण.

स्टुडिओत वर्षभर गेल्यावर काका म्हणाले, “आता बाहेर जा. इथं दिवा तुमचं ऐकतो, बाहेर तुम्ही उजेडाचं ऐकायचं.” मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीपासून सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे मोठाले भोपळे तिथे छताला टांगलेले असतात, खाली कारागीर दांडीवर नक्षी कोरत बसलेले असतात. आत अंधार आणि उजेड फक्त दारातून. ते उघडे दार म्हणजे स्टुडिओतली सगळ्यात मोठी छत्रीच. कारागिराला दाराकडे थोडे वळवून बसवले, दुसऱ्या बाजूला घरून नेलेली पांढरी चादर धरली की काम होते. दुपारी बारा वाजता रस्त्यावर मात्र फोटो काढू नये. ऊन डोक्यावरून येते आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. सकाळी नऊच्या आत, संध्याकाळी पाचनंतर, नाहीतर कडुनिंबाची सावली किंवा घराची ओसरी. आणखी एक गोष्ट तिथे कळली. कारागिराला ‘इकडे बघा’ म्हटले की त्याचा चेहरा पासपोर्टचा होतो. ‘चाचा, ये तार कौनसी?’ विचारले की तो उत्तर देताना स्वतःसारखा दिसतो. मग बोटाने कळ दाबायची तेवढी राहते.

आमच्या मोहल्ल्यात एक खाला राहतात. सत्तरीच्या, बेवा. २०१८ पासून भारतातल्या बायकांना मेहरमशिवाय, चौघींच्या गटाने हजला जाण्याची मुभा मिळाली, तेव्हापासून त्यांच्या मनात होते. अखेर शेजारच्या तिघींबरोबर त्यांचे जायचे ठरले. त्यासाठी फोटो हवा होता. मी घरी गेले, भिंतीला पांढरी चादर लावली आणि नियमाप्रमाणे सरळ, गंभीर फोटो काढला. आवरायला लागले तर खाला म्हणाल्या, “बेटी, ये सरकार का हुआ. अब एक मेरा निकाल.”

मी त्यांना खिडकीपाशी बसवले. खिडकी उत्तरेची, थेट ऊन येत नव्हते. चादर दुसऱ्या बाजूला स्टुलावर टाकली. खालांनी चष्मा काढला, ओढणी स्वतःच्या हाताने सारखी केली. मी त्यांना हजहून काय आणणार विचारले नाही, तर माहेर कुठले ते विचारले. जतकडच्या एका गावाचे नाव त्यांनी घेतले आणि खिडकीबाहेर बघितले. तेवढ्यात मी फोटो घेतला. डोळ्यांत खिडकीचा लहानसा चौकोन चमकत होता. प्रत्येक सुरकुती दिसत होती आणि एकही जास्तीची वाटत नव्हती. चार वर्षांत माझ्या हातून इतका चांगला फोटो झाला नाही.

आठवड्याने मी त्याचा मोठा प्रिंट नेऊन दिला. खाला बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मेरी अम्मा ऐसीच दिखती थी.” त्यांच्या आईचा एकही फोटो नाही. आई गेली तेव्हा खाला लहान होत्या. आईचा चेहरा त्या विसरल्या आहेत असे त्यांना इतकी वर्षे वाटत होते. तो त्यांना सत्तराव्या वर्षी स्वतःच्याच फोटोत सापडला.

जाताना त्यांनी मला दारात थांबवले. “इसकी निगेटिव्ह किधर है?” मी सांगितले, आता निगेटिव्ह नसते, कार्डात असतो. “तो कार्ड में से निकाल दे. ये मेरे पास रहने दे.” मी त्यांच्यासमोर कॅमेऱ्यातून फोटो पुसला. संध्याकाळी स्टुडिओत जाऊन काकांच्या संगणकातूनही पुसला. त्याच महिन्यात सांगलीतल्या काही हौशी मंडळींचे छायाचित्र-प्रदर्शन होते, माझे चार फोटो मागितले होते. पाचवा असता तर तोच असता. मला वाटले होते काका हळहळतील. ते म्हणाले, “फिल्मच्या काळात काही घरं निगेटिव्हसुद्धा मागून न्यायची. आम्ही देत होतो. चेहरा त्यांचा, आपण फक्त उजेडाचे हमाल.”

मला यात काही गमावल्यासारखे वाटले नाही असे म्हणणार नाही. वाटले. कलावंताची भूक असतेच. पण आमच्याकडे अमानत हा शब्द आहे. कोणी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू मागेल तेव्हा परत करायची, ती कितीही आवडली तरी. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, लग्नातल्या बायकांचे फोटो त्यांना न विचारता या मोबाइलवरून त्या मोबाइलवर जातात आणि मग आपणच मुलींना सांगतो, फोटोच काढू नका. यावर बंदी हा उपाय मला पटत नाही. विचारणे, ऐकणे आणि सांगितले तर पुसणे, हे शिकवता येते. शाळेत शनिवारी मी आठ-दहा मुलींना घेऊन बसते. एक मोबाइल, एक खिडकी, एक थर्माकोलची शीट. पहिला धडा अंड्याचा, दुसरा इजाजतीचा.

वाचकांना एकच विनंती. आपल्या घरात आजी, नानी, फुफी असतील तर एखाद्या सकाळी त्यांना विचारा. हो म्हणाल्या तर खिडकीजवळ बसवा, बाजूला पांढरी चादर धरा, फ्लॅश बंद ठेवा आणि त्यांच्या माहेराबद्दल विचारा. फोटोचा कागदावर प्रिंट काढा. पाठीमागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. नको म्हणाल्या तर कॅमेरा बाजूला ठेवा आणि माहेराचे तेवढे ऐकून घ्या.